'झाले' नावाचे बटण

माणसाच्या हातून कामे होत नाहीत ती आळसामुळे नव्हे, तर आधी कोणते करावे हे त्याला ठरवता येत नाही म्हणून. हे सत्य जगाला पूर्वीपासून ठाऊक होते. कोर्दोबातल्या आमच्या कंपनीने ते मोबाईलवर आणले. आमच्या ॲपचे नाव 'आधी हे'. तुम्ही सगळी कामे त्यात लिहायची, ॲप त्यातले पहिले काम सांगणार, ते उरकून 'झाले' हे बटण दाबायचे की दुसरे काम पुढे येणार. मी या कंपनीत प्राधान्य विभागाचा प्रमुख आहे. (विभागात मी एकटाच असल्याने शिस्त उत्तम आहे.)

कंपनीची स्वतःची कामेही आम्ही प्राधान्यानेच करतो. आरंभी तीन वर्ग होते: सवडीने, लवकर, ताबडतोब. आठवड्याभरात 'सवडीने' वर्ग ओस पडला, कारण ज्याचे काम सवडीचे त्याला सवड आहे, आणि ज्याला सवड आहे त्याला पगार कशाला, हे कुणालाही कळते. मग 'ताबडतोब'च्या वर 'गळ्याशी आलेले' हा वर्ग काढला आणि पुढच्याच महिन्यात त्याच्याही वर 'नाकाशी आलेले'. मार्चअखेरची स्थिती अशी: एकूण कामे ३१२, पैकी नाकाशी ३०९, गळ्याशी २ (दोन्ही रजेवरच्या माणसाची), सवडीने १.

हे एक काम ग्राहकांचे फोन घेणाऱ्या रामोना किरोगाबाईंनी नोंदवले होते. 'झाले' हे बटण चालत नाही, असे ते होते. दोन ओळींची दुरुस्ती, करतील सवडीने, असा प्रामाणिक विचार करून बाईंनी प्रामाणिक वर्ग लिहिला. प्रामाणिक नोंदीचे पुढे काय करायचे याचा नियम आमच्याकडे नव्हता, त्यामुळे ती तशीच राहिली.

परिणाम उत्साहवर्धक झाले. लोक पहिले काम करीत, बटण दाबीत, आणि काम जागचे हलत नसे. मग ते पुन्हा करीत. रिओ क्वार्तोच्या एका गृहस्थाने फाटकाला चार वेळा रंग दिला. आमच्या ६,२१४ ग्राहकांचे पहिले काम 'आईला फोन करणे' हे होते. त्या मोसमात प्रांतातल्या आया इतक्या खुशीत होत्या की काहींनी, बाबा आता पुरे, असेही कळवले.

आमचे संस्थापक फाब्रिसिओ लान्सिलोत्ता यांनी आकडे पाहिले. प्रत्येक ग्राहक दिवसातून एकोणीस वेळा ॲप उघडत होता (काम गेले का हे पाहायला). ब्वेनोस आइरेसहून आलेल्या गुंतवणूकदार बाईंना ते पाहून भरून आले. एवढा जीव लोक कुठल्याच ॲपला लावत नाहीत, असे त्या म्हणाल्या. फाब्रिसिओंनी नम्रपणे मान खाली घातली. त्या महिन्यात ऑफिसात टेबल टेनिसचे टेबल आले (नाकाशी आलेले, क्रमांक १४).

तक्रार करणारे एकटे एवारिस्तोकाका. वय चौऱ्याहत्तर, रेल्वेतून निवृत्त. त्यांचे पहिले काम 'हिलारिओशी समेट'. हिलारिओ हा धाकटा भाऊ, बसने तासाभरावर हेसुस मारिआ गावी राहतो. मांस विस्तवावर ठेवण्याआधी मीठ लावायचे की नंतर, यावरून दोघे चौदा वर्षे बोलत नव्हते. (आमच्याकडे यावरून लग्ने मोडली आहेत.) काका दर सोमवारी रामोनाबाईंना फोन करीत.

"पोरी, झाला गं समेट. मिठी मारली, रडलोसुद्धा. तरी तुझं यंत्र म्हणतं, समेट कर."

"मग आणखी एकदा जाऊन या, काका. राहिलं असेल काहीतरी."

काका गेले, आणि खरोखरच काहीतरी राहिले होते. दुसऱ्या रविवारी आईच्या आजारपणाचे बोलणे निघाले. तिसऱ्या रविवारी लहानपणचे. चौथ्या रविवारी शेगडीच्या मधोमध लोखंडी गज ठेवून वाटणी झाली: डावीकडे काकांचे, मीठ आधी; उजवीकडे हिलारिओचे, नंतर. पाचव्या सोमवारी काकांनी कळवले की काल पुन्हा भांडलो, पण जेवून भांडलो.

तरी त्यांचे मन खट्टू होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो आणि एक काम धड पुरे करता येत नाही, असे ते म्हणाले, तेव्हा रामोनाबाई फोन ठेवून उठल्या. त्या नावेल या प्रोग्रामरकडे गेल्या. सवडीचे काम करताना कुणी पाहिले तर, म्हणून त्याने नकार दिला. आमच्या ऑफिसात येर्बाचा कडू चहा वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीने फिरतो, आणि तो ओतून फिरवण्याचे काम बाईंकडे आहे. दोन दिवस त्यांनी नावेलला वगळून भोपळा पुढच्याला दिला. इतका अपमान आमच्याकडे सासऱ्याचाही करीत नाहीत. तिसऱ्या दिवशी बटण अकरा मिनिटांत दुरुस्त झाले.

काकांनी ते दाबले. समेट गेला आणि 'छतावरची टाकी धुणे' पुढे आले. काकांनी टाकी धुतली. त्याच आठवड्यात आईला फोन करणाऱ्या ६,२१४ जणांपैकी ५,९०० जणांनी 'झाले' दाबले. दाबण्यापूर्वी फोन केलेले २१२.

तीन आठवड्यांनी अनोळखी आवाजाचा फोन आला. तो हिलारिओ होता.

"तीन रविवार दोघांचं मांस टाकतोय विस्तवावर. डावीकडचं करपून जातंय. बंद पडलंय का तुमचं यंत्र?"

बंद नाही, दुरुस्त झालंय, असे बाईंनी सांगितले.

"मग बिघडवा की परत."

बाईंनी 'बटण बिघडवणे' हे काम नोंदवले, आणि या खेपेला शहाणपणाने 'नाकाशी आलेले' या वर्गात. क्रमांक ३१०. माझ्या अंदाजाने पुढल्या ऑगस्टनंतरच्या ऑगस्टात त्याची पाळी येईल. तोवर काय, म्हणून बाईंनी स्वतःच फोन लावला.

"काका, आमच्या तपासणीत निघालंय. तुमचं काम झालेलंच नाही."

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले, आणि ते खूश झाल्याचे फोनवरही कळले. रविवारची पहिली बस किती वाजता, असे त्यांनी विचारले.

ही सेवा सर्व ग्राहकांना देण्याचा कंपनीचा मानस होता. परंतु रामोनाबाई एक आणि ग्राहक चाळीस हजार, तेव्हा त्यांच्या फोनची वाट पाहू नये. तुमच्या यादीतले पहिले काम आम्हाला दिसते. त्यापुढे 'झाले' आहे, तेही दिसते. ज्या माणसाशी ते काम होते, त्याची तक्रार अद्याप आलेली नाही, म्हणून काम झाले असे आम्ही धरून चालतो. तुम्हीही तसेच धरून चालला आहात.