कॅप्टन भैरूला कावळा शिवेना

अगं ऐक ना, ते हेडफोन काढ आधी! आपल्या शार्दूलचा कॅप्टन भैरू मागच्या आठवड्यात शुक्रवारी गेममध्ये मेला, आणि आज सकाळी त्याच्या दहाव्याला कावळाच शिवेना.

गेम तोच, 'ताराबाजार'. अवकाशात माल न्यायचा, विकायचा, वाटेत कोणी आडवं आलं तर गोळ्या घालायच्या. आणि आपला पायलट मेला की खेळाडूने त्याचा दहावा करायचा. कावळा शिवला की पायलट पाच मिनिटांत जिवंत, आपल्या जुन्या यानासकट. बारापर्यंत नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. तोही चालतो, पण मग पायलट नवशिक्यांच्या डबड्या यानात जन्माला येतो आणि जुनं यान भंगारात. नियम पहिल्याच स्क्रीनवर लिहिलाय. वाचतं कोण? सगळे 'मान्य आहे' दाबून पुढे जातात.

शार्दूलचं यान म्हणजे 'कोयना'. तीन वर्षं लागली त्याला ते उभं करायला. बारावीचा अभ्यास केला नाही एवढा त्याने तिच्या इंजिनाचा केला. त्यामुळे आज इंदिरानगरच्या त्यांच्या गच्चीवर तो सोवळं नेसून उभा होता.

वझे गुरुजींनी पिंड मांडला. "कॅप्टनला खायला काय आवडायचं?"

"काय माहीत," शार्दूल म्हणाला. "कधी विचारलं नाही."

"तीन वर्षं उडवलास ना त्याला?"

"मला बटाटेवडा आवडतो."

"ठेव मग तोच," गुरुजी म्हणाले. त्यांना असले खेळाडू रोजचेच.

शेजारच्या विंगमधल्या काकूंचा शेतीच्या गेममधला बैल गेला होता. त्याला पहिल्या मिनिटाला कावळा शिवला. बैलाचं काय मत असणार? पण पायलटचं असतं. माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, तसं पायलटचं गेमबद्दलचं मत सांगायचं राहिलं असेल तर शिवत नाही. म्हणून जमलेल्यांनी हात जोडून एकेक मत मोठ्याने बोलायचं आणि ते कंपनीला कळवू असा शब्द द्यायचा. जे मत भैरूचं निघेल, त्यावर कावळा येणार.

कावळा डिश अँटेनावर बसला होता.

आधी जुबेर पुढे झाला. तो शार्दूलच्या बरोबर लढाईला असतो. "भैरूशेठ, क्षेपणास्त्र लॉक व्हायला सात सेकंद लागतात, तेवढ्यात समोरचा चहा पिऊन येतो! तीन सेकंद करायला सांगतो, आईशप्पथ!"

कावळ्याने चोच अँटेनाला घासली.

मग मैत्रेयीताई, शार्दूलची मोठी बहीण. ती फक्त धंदा करते, गोळी घालत नाही. "व्यापार कंटाळवाणा आहे. लोखंड घ्या, लोखंड विका. आंबे न्यायची सोय करायला सांगते, भैरू."

काही नाही.

"धक्क्याला लागताना रांग मोडणाऱ्यांची यानं जप्त व्हावीत," गुरुजी मध्येच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझेही तीन दहावे झालेत," ते म्हणाले. "तिन्ही पायलट रांगेत गेले."

साडेअकरा झाले. शार्दूल हात जोडून ओरडला, "गेम एक नंबर आहे! पाच स्टार! सगळ्यांनी खेळावा!"

कावळ्याने पाठ फिरवली.

"खोटं कशाला बोलतोस?" ताई म्हणाली. "शत्रूच्या बावीस यानांच्या मध्ये त्याला एकट्याला सोडून पोहे आणायला गेलास. आणि वर लिंबू नाही म्हणून परत स्वयंपाकघरात."

"अगं, पॉज केलं असं वाटलं मला!"

"भैरूला काय वाटलं असेल?"

शार्दूल खाली बसला. मग पिंडाकडे बघून हळूच म्हणाला, "चुकलं रे. पोह्यांसाठी नाही उठणार परत."

कावळा उडून कठड्यावर आला. गच्ची श्वास धरून उभी!

"याचं मत गेमबद्दल नाहीये," गुरुजी म्हणाले. "खेळाडूबद्दल आहे. बोल पुढे."

"पुढच्या वेळी तुला विचारून लढाईत नेईन."

कावळा एक पाऊल मागे.

"बरं, नेणारच नाही लढाईत!"

एक पाऊल पुढे. जुबेरने कपाळावर हात मारला. "भावा, माझी टीम!"

"नुसता माल वाहायचा," शार्दूल म्हणाला. "तू म्हणशील तो. तू म्हणशील तिथे."

कावळा खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर थांबला आणि मान वाकडी करून शार्दूलकडे बघत राहिला. अकरा चोपन्न. गुरुजींनी दर्भ हातात घेतला.

"आता काय राहिलं?" शार्दूल रडकुंडीला आला.

"तुला माहितीये," ताई म्हणाली.

त्याला माहीत होतं गं! म्हणून तर तोंडातून निघत नव्हतं. दर्भाचा कावळा केला तर भैरू परत त्याच्याच हाताखाली, पण कोयनेचे तुकडे. हे बोललं तर कोयना वाचणार, पण...

"मी नाही खेळणार," शार्दूल म्हणाला. "कोयना तुझी. तुझं तू उडव."

कावळा शिवला. भात खाल्ला, वड्याला चोचही लावली नाही, आणि गेला.

सगळे धावत खाली आले. लॅपटॉपवर कोयना धक्क्याला उभी, एक ओरखडा नाही, आत भैरू बसलेला. खाली 'सुरू करा'चं बटण लुकलुकत होतं. शार्दूलचा हात आपोआप माऊसवर गेला.

"शब्द दिलायस," गुरुजी म्हणाले. "मोडलास तर कावळ्याचं मी बघून घेईन. कंपनी ऐकायची नाही."

त्याने हात मागे घेतला. ठीक बारा वाजता कोयना एकटीच सुटली. पोटात सहाशे पोती हळद, आणि रस्ता लांबचा, पण असा की लढाई कुठे लागणारच नाही. जुबेर कोणाशी न बोलता घरी गेला.

आणि बारा वीसला गेमच्या अभिप्रायांच्या पानावर एक नवीन मत आलं. नाव कॅप्टन भैरू. पाच स्टार. लिहिलं होतं, 'गेम उत्तम. व्यापारात मजा येते. तीन वर्षं एका खेळाडूचा त्रास होता, तो आता बंद झाला आहे.'

त्याच्या खाली नेहमीचा प्रश्न. हा अभिप्राय तुम्हाला उपयोगी वाटला का? हो, नाही.

मी आत्ता तिथूनच येतेय. शार्दूल अजून त्या दोन बटणांसमोर बसलाय, जेवलाही नाही. ताई म्हणते 'हो' दाब, खरं आहे ते. तू सांग, तू काय दाबलं असतंस?