बोस्कोलोंच्या आडनावाची शेपटी

"बोस्कोलो!"

पन्नास वर्षं उलटली, पण सिस्टर पिएरिनाचा तो आवाज ओत्तोरिनोच्या कानात धुक्यातल्या भोंग्यासारखा अजून घुमायचा. वर्गात ही हाक पडली की अकरा पोरं एकदम उभी राहायची. राहणारच! व्हेनिसजवळच्या कियोज्जा या कोळ्यांच्या गावात डोळे मिटून खडा भिरकावला तर तो बोस्कोलोला लागतो, आणि उसळलाच तर शेजारच्या तियोत्सोला. म्हणून गावानं आडनावांना टोपणनावांच्या शेपट्या जोडल्या, आणि नगरपालिकेनं त्या दप्तरात शाईनं पक्क्या केल्या. सिस्टर चष्मा सावरायची आणि शेपटी उच्चारायची.

"बोस्कोलो सेन्साब्रागे!"

सेन्साब्रागे, म्हणजे बिनविजारीचा. दहा बोस्कोलो खाली बसायचे, एकटा ओत्तोरिनो उरायचा, आणि अख्खा वर्ग त्याच्या विजारीकडे बघून हसायचा. हसायचा नाही तो एकटा नेरेओ तियोत्सो. तो खिडकीबाहेरचं पाणी बघत बसायचा.

ओत्तोरिनोचे आजोबा एका सकाळी विजारीशिवाय धक्क्यावर उतरले, एवढंच गावाला ठाऊक. "कुणाच्या तरी बायकोच्या खिडकीतून पळाले असणार!" गाव म्हणायचं. वडिलांना विचारलं की ते लगेच जाळं विणायला घ्यायचे.

पुढे ओत्तोरिनो मासळीबाजारात लिलाववाला झाला. तिथला लिलाव ओरडून होत नाही. घेणारा जवळ येतो, लिलाववाल्याच्या कानाला लागतो, भाव कुजबुजतो आणि बाजूला होतो. तीस वर्षं सारं गाव त्या कानात कुजबुजत आलं होतं. नेरेओसुद्धा. तो भाव सांगून झाल्यावरही एक श्वासभर कानाशी थांबायचा, मग मान हलवून जायचा. ओत्तोरिनोला वाटायचं, गड्याला दमा असेल.

अशात लेकीचं, फोर्तुनाताचं लग्न ठरलं. मुलगा दूरच्या तोरिनो शहरातला, एदमोंदो. साखरपुड्याच्या जेवणात त्याची आई, क्लोतिल्देबाई, माशाचा काटा अगदी नाजूक हातानं बाजूला ठेवत म्हणाल्या, "बोस्कोलो! किती गोड आडनाव! अर्थ काय हो त्याचा?"

ओत्तोरिनोनं छाती फुगवली. "बोस्को म्हणजे रान. आम्ही रानाचे धनी!"

"पण तुमच्या गावात मला एक झाड दिसलं, तेही कुंडीत."

"तोडलं ना सगळं! व्हेनिसच्या पायाखाली खांब म्हणून ठोकलं. व्हेनिस उभं आहे ते आमच्या जिवावर!"

बायकोनं, देल्फिनानं, टेबलाखाली त्याला लाथ मारली. पण बाई अशा काही भारावल्या होत्या, की ओत्तोरिनोनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पत्रिकेवर शेपटी छापायची नाही! नुसतं झळझळीत 'फोर्तुनाता बोस्कोलो'!

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" देल्फिना म्हणाली. "आपल्या ग्रामदेवांतला एक संत फोर्तुनातो. गावातल्या निम्म्या मुलींचं नाव फोर्तुनाता! आणि आडनाव बोस्कोलो! कळणार कसं कुणाला, कुठली ती?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल."

"आणि तुझ्या नावाचे चार ओत्तोरिनो आहेत ते?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत काटे काढतेस!"

पत्रिका गेल्या, आणि गाव कामाला लागलं! पोस्टाजवळच्या फोर्तुनाता बोस्कोलोला आठ जणांनी मिठ्या मारल्या; ती बिचारी तीन मुलांची आई, नवरा हयात! बंदरावरच्या फोर्तुनाता बोस्कोलोच्या खऱ्या प्रियकरानं तिच्याशी बोलणं टाकलं. पण सगळ्यात मोठी लाट जाऊन आदळली ती वेना कालव्यावर राहणाऱ्या बहात्तर वर्षांच्या विधवा फोर्तुनाताआजींच्या दारात. आधी फुलं आली. मग चांदीच्या चमच्यांचा संच आला. लग्नाच्या सकाळी तीन मजली केकही आला. आजींना वाटलं, भाचेमंडळींनी वाढदिवसाचा गुपचूप बेत केलाय. त्यांनी खुशीत केसांना कुरळे पाडले, ठेवणीतला झगा घातला आणि सार्डिनचं कांदा-व्हिनेगरातलं लोणचं मोठ्या परातीत काढून ठेवलं.

लग्न अकराचं. साडेअकरा झाले तरी चर्चमध्ये नवरी आहे, पाद्री आहे, नवरदेवाचा पत्ता नाही! फोर्तुनाताचे डोळे काठोकाठ भरले. "बाबा, तो येणार नाही का हो?"

"येईल गं, राणी."

"मी सांगितलं होतं त्याला आपलं पूर्ण नाव. तो म्हणाला होता, मला आवडलं. आता नसेल आवडलं."

ओत्तोरिनोच्या काळजात गळ रुतावा तसं झालं. लेकीला शेपटीची लाज कधी नव्हतीच! लाज होती ती त्याची एकट्याची.

एवढ्यात दाराशी कोणी म्हणालं, "ते तोरिनोचे लोक? आम्हीच नेऊन सोडले की! फोर्तुनाता बोस्कोलोचं लग्न कुठे म्हणाले, म्हटलं चला, दाखवतो!"

"कुठे सोडलेत?"

"कालव्यावर, आजींकडे!"

ओत्तोरिनो धावला. पहिल्याच पुलाच्या पायरीवर नव्या विजारीचे पट्टे तटकन तुटले. एका हातानं विजार धरून, दुसऱ्या हातानं वारा कापत तो पुलावर चढला. खाली कालव्याच्या दोन्ही काठांना दारंच दारं, आणि दारांवर पाट्या: बोस्कोलो, बोस्कोलो, तियोत्सो, बोस्कोलो! आजींचं दार यातलं कुठलं? जन्मभर ज्याला कुजबुज ऐकायची सवय, त्या माणसानं छातीभर श्वास घेतला आणि बोंब ठोकली,

"सेन्साब्रागेंचे पाहुणे कुठायत? सेन्साब्रागेंचे! मी बोस्कोलो सेन्साब्रागे!"

पटापट खिडक्या उघडल्या.

"अस्सं! सेन्साब्रागेंची लेक होय! आधी सांगायचं ना, लेका!"

"विजार सांभाळ रे, नावाला जागशील!"

"हिरवं दार! हिरव्या दारात आहेत तुझे पाहुणे!"

हिरव्या दारात एदमोंदो, पांढराफटक, हातात लोणच्याची बशी. समोर फोर्तुनाताआजी, कुरळ्या केसांत फूल माळून. आणि कोचावर क्लोतिल्देबाई, ताठ, आजींच्या या आग्रहातून सभ्यपणे कसं सुटावं याचा विचार करत असलेल्या.

"अहो व्याही!" ओत्तोरिनोला पाहून बाई जवळजवळ रडल्याच. "आपली नवरी कुठाय? जो तो यांच्याकडेच बोट दाखवतोय!"

"छे हो! ही फोर्तुनाता बोस्कोलो आहे. पण ही ती नाही!"

"मी पण म्हटलं," आजी म्हणाल्या, "पोरगा देखणा आहे, पण मला विचारायला नको का कुणी?"

लग्न लागलं, साडेबाराला! आजी केकसकट वरातीत आल्या आणि जेवणाला मानाच्या खुर्चीवर बसल्या. शेजारीण झग्याची पिन देऊन गेली, तिच्यावर ओत्तोरिनोची विजार तगली. फोर्तुनाताचं हसू काही थांबेना. सगळं गोड झालं म्हणेपर्यंत क्लोतिल्देबाईंनी काटा खाली ठेवला.

"व्याही, तुम्ही पुलावर ओरडत होतात तो दुसरा शब्द. तो पाद्रींनीही वहीत लिहिला. त्याचा अर्थ काय हो?"

ओत्तोरिनोनं लेकीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "बिनविजारीचा. माझे आजोबा एकदा विजारीशिवाय धक्क्यावर उतरले होते. का, ते मला माहीत नाही."

तेव्हा टेबलाच्या टोकाकडून नेरेओ तियोत्सो उठला. बाजारातल्यासारखा संथ चालत आला आणि ओत्तोरिनोच्या कानाला लागला. कुजबुज लांबली. ओत्तोरिनोच्या चेहऱ्यावर आधी ढग आले, मग खाडीवर ऊन पसरावं तसं काहीतरी पसरलं.

"कानात नको, नेरेओ," तो म्हणाला. "मोठ्यानं."

नेरेओनं आयुष्यात आवाज चढवला नव्हता. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"भोक आमच्या नावेला पडलं होतं," तो म्हणाला. "माझ्या आजोबांनी आळस केला, फळी बुजवली नाही. भर वादळात पाणी आत यायला लागलं. नावेत माझे वडील होते, सहा वर्षांचे. ओत्तोरिनोच्या आजोबांनी आपली नाव भिडवली, विजार काढली आणि तिचा बोळा करून भोकात कोंबला. म्हणून आम्ही आहोत. माझ्या आजोबांनी त्यांच्या पाया पडून विनवलं, माझा आळस गावाला सांगू नका. ओत्तोरिनोचे आजोबा नाही बोलले. कुणाला म्हणजे कुणालाच नाही! आणि धक्क्यावर लोक हसायला लागले, तेव्हा हे नाव पहिल्यांदा ओरडले ते आमचेच आजोबा."

त्यानं घसा खाकरला.

"आणि ती विजार अजून आमच्याकडेच आहे, ओत्तोरिनो. धुऊन, घडी घालून ठेवलीय. परत द्यायची, तर कारण सांगावं लागलं असतं ना!"