चटणीला यायचं हं

आमच्या निमगाव केतकीत दत्तूतात्यांनी तुमच्या धंद्याचं वेबपेज करून दिलं, की त्यात माल शोधताना बोट दुखतं. वर गणपती, त्याखाली कुलदैवत, मग घरातल्या थोरांची नावं वयाप्रमाणं, गेलेल्यांच्या नावाआधी 'कै.', मग समस्त भावकी. एवढं सगळं ओलांडून खाली गेलात, तर तळाशी कुठंतरी तुमचे पेरू.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी चटण्या करून विकते. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची. माझं पान तात्यांनीच केलंय. त्यात माझ्या सासऱ्यांपासून चुलत दिरांपर्यंत सगळी माणसं आहेत, आणि शेवटी माझ्या पुतण्यांच्या नावानं लिहिलंय, 'आमच्या काकूच्या चटणीला यायचं हं.' पुण्याहून एका बाईंनी फोन करून विचारलं, लग्न कुणाचं आहे? मी म्हटलं, कारळ्याचं. आता काय बोलणार? पण त्या बाई तेव्हापासून दर महिन्याला चटणी मागवतात, हेही खरं.

तात्यांचा मूळ धंदा लग्नपत्रिका छापायचा. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्या हाताखालून गेली. मग लोक पत्रिका मोबाईलवर पाठवायला लागले आणि छापखान्याचं शटर खाली आलं. दुसरा कुणी असता तर पारावर बसून जगाला नावं ठेवत बसला असता. तात्यांनी साठी उलटल्यावर फोनमध्ये एक अ‍ॅप उघडलं. त्यात तयार साचे असतात. फोटो, अक्षरं, रंग बोटानं उचलायचे आणि पाहिजे तिथं ठेवायचे. कोडिंग-बिडिंग काही लागत नाही. बारामतीच्या एका क्लासवाल्यानं त्यांना सहा महिन्यांचा कोर्स सांगितला होता. तात्या म्हणाले, "सहा महिने? मी काय रॉकेट उडवतोय व्हय?" आणि ओट्यावर बसून तीन दुपारींत शिकले.

इंग्रजी त्यांना येत नाही आणि त्याचं काही अडतही नाही. बटनाला ते गुंडी म्हणतात. अ‍ॅपनं इंग्रजीत काही विचारलं की आधी डावीकडची गुंडी दाबायची, बिघडलं तर उजवीकडची. मी घाबरून म्हणायचे, अहो तात्या, सगळं पान जाईल. तर म्हणायचे, "पुसता येतंय न्हवं? परत करता येतंय न्हवं? मग भ्यायचं कशाला."

हे पुसता येण्याचं कौतुक त्यांना का, ते सगळ्या गावाला माहीत आहे. सहा वर्षांमागं त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रिका डोळ्यात तेल घालून तपासणारा माणूस, आणि घरच्या पत्रिकेत नेमकं दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मालकांचं, नाव राहिलं. पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आलं. ती बहीण, कमलअक्का, लासुर्ण्याहून लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या आणि पानावर न बसता निघून गेल्या. तात्या पुन्हा नव्यानं पत्रिका छापून, दाजींचं नाव ठळक घालून, त्यांच्या दारात गेले. अक्का आतूनच म्हणाल्या, "वाटलेल्या सगळ्या माघारी गोळा करून आण. मग बोलू."

त्या कशा गोळा होणार? मुलगी सासरी, बायको त्याआधीच गेलेली, घरात हा एकटा माणूस. भाऊबीजेला अंघोळ करून, टोपी घालून दुपारपर्यंत ओट्यावर बसायचा. रस्त्यानं कुणी विचारलं तर सांगायचा, ऊन खातोय. मला फार वाईट वाटायचं, आणि अक्कांचा रागही यायचा.

तेव्हापासून तात्यांनी नावांचा धसकाच घेतला. मोरगावचा एकजण शेळ्या विकायला पान करून घ्यायला आला. तात्यांनी त्याची भावकी लिहून घेतली, आणि मग विचारलं, "शेळ्यांची नावं सांगा." तो म्हणाला, शेळ्यांना कुठं नावं असतात? "मग ठेवा. उद्या एखादी राहिली म्हंजे?" शेवटी त्या माणसानं तिथंच बसून चौदा शेळ्यांना नावं ठेवली. पान इतकं सुरेख झालं, की बघणारा फोन करून थेट म्हणायचा, ती रुक्मी केवढ्याला देता. असलं डोकं कुठल्या कोर्समध्ये शिकवतील?

यंदाच्या उन्हाळ्यात मला लासुर्ण्याहून एका मुलीचा फोन आला. तिला माझं चटणीचं पान आवडलं होतं. त्यांची भाजी-फुलांच्या रोपांची रोपवाटिका होती, तसंच पान हवं होतं. सासूबाईंचं नाव विचारलं, तर कमल. मी तात्यांना सांगितलं, तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. दाजींचं नाव एवढं मोठं घातलं, की गणपतीबाप्पाला सरकून बसावं लागलं. पान पाठवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी तिथंच असताना फोन वाजला. तात्यांनी घाईत भलतीच गुंडी दाबली, फोन स्पीकरवरच लागला.

"वांग्याच्या रोपाखाली टमाट्याचा फोटो हाय," पलीकडून अक्का म्हणाल्या. बस, तेवढंच. सहा वर्षांनी.

"बदलतो अक्का," तात्या म्हणाले. तिकडून फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मिरचीच्या जागी कोबी. तिसऱ्या दिवशी हिरवी पाटी लाल. रोज काहीतरी चूक आणि रोज अक्कांचा फोन. मला काळजी वाटली, म्हटलं तात्यांची नजर अधू झाली. एका दुपारी चटणीची बरणी द्यायला गेले, तर तात्या अक्कांचंच पान उघडून बसलेले. झेंडूच्या रोपाचा चांगला फोटो काढून तिथं कारल्याचा ठेवत होते.

"तात्या, चुकतंय," मी म्हटलं.

"न्हाय गं, बरोबर हाय." मान वर न करता ते म्हणाले. "समदं ठीक केलं तर ती फोन कशाला करंल?"

मी बरणी ओट्यावर ठेवली. तेवढ्यात फोन वाजला, तात्यांनी स्पीकरवरच घेतला. कारलं अजून पानावर चढलंही नव्हतं, तात्यांच्या बोटाखालीच होतं.

"दत्तू," अक्का म्हणाल्या, "आज काय बिघडवलंस?"

तात्यांनी कारल्यावरचं बोट उचललं.

"हे फोनवर न्हाय जमायचं तुला," अक्का म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी मी आन् हे येतोय तिकडं. शेजारी बसून सांगते. जेवायलाच हाय आमी."

फोन बंद झाला. तात्यांनी टोपी काढून तिनंच डोळे पुसले. मग मला म्हणाले, "सुनंदा, पुरणपोळी तुला जमंल का गं? दाजींना लई आवडती."