दोन्हीकडची सही

देशाची घड्याळं अर्धा तास पुढे करायची असं सरकारने ठरवलं, तेव्हा मीही एक छोटासा निर्णय घेतला: आपण या भांडणात पडायचं नाही. सरकारचा निर्णय दोन दिवस टिकला. माझा त्याहून थोडा जास्त टिकला, पण फजिती माझीच मोठी झाली.

सरकारने आधी हुकूम काढला, की सोमवारपासून सर्वांनी घड्याळं पुढे करावीत. मंगळवारी देशभर आरडाओरडा झाला. बुधवारी दुसरा हुकूम आला, की ज्यांनी घड्याळं पुढे केली असतील त्यांनी ती मागे घेऊ नयेत, आणि ज्यांनी केली नसतील त्यांनी ती पुढे करू नयेत. झालं! देशाचे दोन तुकडे झाले, आणि त्यांची सीमारेषा आमच्या बैठकीच्या खोलीतून, बरोबर माझ्या खुर्चीखालून गेली.

बायको सकाळच्या शाळेत गणित शिकवते. ती जुन्या वेळेची. "पहिलीतली पोरं अंधारात रस्ता ओलांडणार? मंत्री येणार आहेत का हात धरायला?"

सासरे निवृत्त सर्व्हेअर. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आमच्याकडेच असतात. ते नव्या वेळेचे. "सहा महिन्यांनी आत्ता कुठे चालायला लागलोय. संध्याकाळी अर्धा तास उजेड जास्त मिळाला तर बागेच्या फाटकापर्यंत जाऊन येईन. त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"माझ्याच बापाचं चाललंय सगळं," बायको म्हणाली.

भिंतीवरचं घड्याळ बायकोचं, मनगटावरचं सासऱ्यांचं. त्यामुळे घरात चहा दोनदा व्हायचा, आणि मी तटस्थ असल्यामुळे दोन्ही वेळा प्यायचो. (तटस्थपणाचे असे फायदे असतात. उगाच नाही मोठी माणसं तटस्थ राहत.)

मग तिसरा हुकूम आला. एक समिती तीन आठवड्यांनी शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता गावात येईल आणि लोकांचं म्हणणं ऐकेल. मात्र ज्या अर्जावर पुरत्या एक हजार सह्या असतील, त्याच अर्जाचं. बायकोने पदर खोचला. शाळा सुटली की ही जिने चढायला लागायची. सासऱ्यांना जिने चढवेनात, म्हणून ते फाटकाशी स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काठी आडवी घालू लागले.

इथे माझ्या सहीबद्दल सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत टपाल घेणारा कारकून. सव्वीस वर्षं माझं काम एकच: कागद समोर येतो, आणणारा बोट ठेवतो, आणि त्या बोटाशेजारी मी सही करतो. वाचणं माझ्याकडे नाही. वाचायला वरच्या मजल्यावर माणसं नेमलेली आहेत. (तीही वाचत नाहीत, पण नेमलेली आहेत.) आता हा हात घरी आल्यावरही थांबत नाही. शेजारच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून माझी सही आहे. एका अनोळखी माणसाने पाळलेल्या पोपटाच्या दाखल्यावर आहे. फार काय, आमच्या लग्नाच्या नोंदणीत नवऱ्याच्या रकान्यात सही केली आणि समोरच्या बाईंचं बोट जरा सरकलं, तर साक्षीदाराच्या रकान्यातही मीच करून मोकळा झालो. माझ्या लग्नाला मीच साक्षी आहे.

तर बायकोने अर्जाचा पहिला कागद माझ्यापुढे ठेवला. "अहो, पहिली सही घरातली हवी." तिने बोट ठेवलं. मी सही केली.

पंधरा दिवसांनी मी दाढी करत असताना सासरे काठी टेकत आले. "जावईबापू, जरा इथे..." त्यांनी बोट ठेवलं. तोंडाला फेस, डोळ्यांवर चष्मा नाही. मी सही केली. ती त्यांची हजारावी होती. त्याच दिवशी बायकोच्याही हजार भरल्या. घरात दोन्ही पक्षांचा विजय झाला आणि मला चहा चारदा मिळाला.

बुधवारी साहेबांनी दोन गठ्ठे माझ्या टेबलावर आदळले.

"सह्या तपासा. ज्याने दोन्ही अर्जांवर सही केली असेल, त्याची दोन्हीकडची सही बाद करायची आणि त्याला पत्र पाठवून खुलासा मागायचा. वरून हुकूम आहे. मुद्दाम तुम्हाला देतोय. तुमचं काही मत नाही ना?"

"साहेब, मला कधीच नसतं."

"म्हणून तर!"

दोन हजार सह्या मी भिंग घेऊन तपासल्या. काय लोक असतात एकेक! पण दोन्हीकडे सही करण्याइतका निर्लज्ज त्यात कोणी सापडेना. गुरुवारी दुपारी सापडला. एका गठ्ठ्यात सगळ्यांत वर, दुसऱ्यात सगळ्यांत खाली. अडकलेल्या दोऱ्याच्या गुंत्यात डास मरावा, तशी सही. ती मी जगात कुठेही ओळखली असती.

पान हळूच उलटावं म्हणून मी बोट उचललं, तर मागे साहेब उभे.

"सापडला? कोण हा गाढव?"

"आपल्याच... कचेरीतला आहे, साहेब."

साहेबांनी सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सही. सव्वीस वर्षांत त्यांनी माझी सही पहिल्यांदाच वाचली असावी.

"मारा रेघ," ते म्हणाले.

मी दोन रेघा मारल्या. बायकोच्या सह्या नऊशे नव्याण्णव. सासऱ्यांच्या नऊशे नव्याण्णव. दोन्ही अर्ज बाद. मग मीच मला पत्र लिहिलं: "आपण एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध मतांचे असल्याचे आढळून आले आहे. तरी आपले नक्की म्हणणे काय, याचा खुलासा करावा." पत्र शिपायाबरोबर घरी गेलं. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो, तरी शेवटी घर आलंच.

आत बायको आणि सासरे एकाच सोफ्यावर बसले होते. महिनाभरात पहिल्यांदा. मधे ते पत्र.

"बाबा, तुमच्यासुद्धा कागदावर?"

"हो ना. आणि तुझ्यासुद्धा?"

"पहिली! पहिली सही यांची!" बायकोचा आवाज जरा कापला. "एकशे चाळीस जिने चढले मी, अहो. त्या पोरांसाठी."

ओरडली असती तर सवय आहे. "अगं, मी वाचलंच नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणजे माझा अर्ज न वाचता सही केलीत?"

"बाबांचाही नाही वाचला."

"ऐक, ऐक!" सासरे म्हणाले. "निदान पक्षपात तरी नाही."

त्या दिवशी चहा एकदाच झाला. दोन कप.

शुक्रवारी समिती आली. तिच्यातले निम्मे सभासद नव्या पाचला आले, बाकीचे कुठे दिसत नाहीत म्हणून वीस मिनिटं थांबून चिडून निघून गेले. उरलेले जुन्या पाचला आले, आणि तेही चिडून निघून गेले. शनिवारी चौथा हुकूम निघाला: सुनावणी तीन महिन्यांनी, दोन्ही बाजूंनी नव्याने सह्या गोळा कराव्यात.

माझा जीव भांड्यात पडला. रविवारी सकाळी बायको आणि सासरे दोघं मिळून माझ्यासमोर आले. दोघांचे चेहरे प्रसन्न. नवे कोरे कागद हातात. सासऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली. बायकोने एक कागद माझ्यापुढे ठेवला, आणि सासऱ्यांनी बोट ठेवलं.

मी सही केली.

मग चष्मा लावून वाचलं. लिहिलं होतं: "या घरातील गृहस्थांची सही यापुढे कोणीही कोणत्याही अर्जावर घेऊ नये, हे आम्हा तिघांना मान्य आहे."

"बघ, एकमताने!" सासरे लेकीला म्हणाले.

ती मात्र कागदाकडेच बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "तुमचं बोट सरकलं वाटतं. साक्षीदार म्हणूनही हेच आहेत."