गाळलेलं पाणी आणि पद्मराजची मोटार

"ड्रायव्हर कशाला? मी आहे की!" असं बेळगावात चारचौघांत ठणकावून सांगून पद्मराजने ब्राह्मीमावशीला मोटारीत बसवलं. मोटार जुनी होती. पद्मराज मात्र ती चालवण्यात अगदी नवा होता!

निपाणीत मावशीच्या लेकीला, चंदनाला, आदल्या दिवशी मुलगा झाला होता. बाळंतपण फार अवघड गेलं होतं. तार हातात पडताच मावशीने नेम धरला, नातवाचं तोंड बघेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. त्यात जैनाघरची बाई, दिवस मावळल्यावर काही तोंडात घालायची नाही. म्हणजे दिवसाउजेडी निपाणी गाठली नाही, तर म्हातारी आणखी एक रात्र कोरडी राहणार! ओठ तर आत्ताच सुकले होते.

तवंदीचा घाट चढता चढता मोटारीच्या नाकातून वाफ निघाली. पद्मराजने ती कडेला घेतली. बंद केली तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती, म्हणून इंजिन धडधडतंच ठेवलं. वाफ जरा निवल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढलं आणि जवळच्या विहिरीवरून बादली भरून आणली.

"थांब! गाळलंस का?" मावशी आतून ओरडली.

"मावशी, मोटार पिणार हाय, आपण न्हाय!"

"आत उकळतंय नव्हं ते? पान्यातलं बारीक जीव मरत्यात की! न गाळता घातलंस तर मी हितंच उतरती!"

घशाला कोरड पडलेल्या बाईशी वाद कोण घालणार? मावशीने गाळण्याचं जाड फडकं दिलं. पद्मराजने ते दुहेरी करून एका हाताने रेडिएटरच्या तोंडावर धरलं, आणि दुसऱ्या हाताने, घाईघाईत, अख्खी बादली उपडी केली! फडक्याचा फुगा झाला. पाणी रेडिएटरात जायचं सोडून शेजारच्या कार्बोरेटरात घुसलं, म्हणजे इंजिन ज्या वाटेने हवा ओढतं, त्या वाटेने थेट पोटात! इंजिनाला ठसका लागला आणि ते गप्प झालं.

इंजिन फिरवायला पद्मराजने पुढून हँडल घातलं. हलेना! पाय रोवून, दातओठ खाऊन जोर लावला, तेवढ्यात निपाणीहून बेळगावकडे जाणारी उतारूंची सर्व्हिस मोटार समोर येऊन थांबली. तिचा ड्रायव्हर भरमू उडी मारून धावला.

"सावकार, सोडा हँडल! आत पानी साचलंय. जोर लावलासा तर इंजिनातला दांडा वाकंल!"

पद्मराजने रडकुंडीला येऊन मावशीचा नेम सांगितला. ऐकून सर्व्हिसमधली सगळी माणसं खाली उतरली.

"आज्जी, घोटभर घ्या की वो!" त्यांतली नागुबाई म्हणाली.

"न्हाय गं बाई."

भरमूने प्लग काढले. "आता हळू फिरवा!" पद्मराजने हँडल फिरवलं, आणि प्लगच्या भोकांतून कारंजं उडालं ते नेमकं सर्व्हिसमधून उतरलेल्या यल्लाप्पाच्या अंगावर! बेळगावच्या वकिलाकडे जायला त्याने खळ घातलेला फेटा बांधला होता.

"ऱ्हाऊ द्या," तोंड पुसत यल्लाप्पा म्हणाला, "ऊन लई लागत हुतं."

नागुबाईने पदराने प्लग पुसले. कुणी लांब जाऊन काटक्या पेटवल्या आणि ते शेकून आणले. भरमूने कार्बोरेटर उघडून कोरडा केला. चौघांनी फडक्याची चार टोकं धरली आणि रेडिएटरात पाणी गाळूनच घातलं. वर, फडक्यात अडकलेले जीव पाण्यात सुटावेत म्हणून ते विहिरीत परत खळबळून यायला मावशीने पद्मराजला पळवलंच! सूर्य झपाझप खाली चालला होता.

इंजिन फुर्रकन सुरू झालं, तशा सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. पद्मराजचे डोळे भरून आले. कुठली कोण माणसं, स्वतःची खोटी करून उन्हात उभी राहिली, आणि एकानेही कुरकुर केली नाही! तो प्रत्येकाला हात जोडत सुटला. शेवटी भरमूच ओरडला, "नमस्कार ऱ्हाऊ द्या सावकार, दिवस बुडाय लागलाय!"

निपाणीत शिरले तेव्हा कौलांवर ऊन होतं. मावशीने नातवाला पोटाशी धरलं, डोळे भरून पाहिलं, आणि लेकीच्या हातचं पाणी घटाघटा प्याली. पद्मराजचा जीव भांड्यात पडला.

"अण्णा, एवढा उशीर? मोटार बिघडली व्हय?" चंदनाने विचारलं.

पद्मराजने मान खाली घातली.

"मोटारीला काय हुतंय?" मावशी चटकन म्हणाली. "मलाच घेरी आलती, म्हनून थांबाय लावलं त्येला. पोरानं लई जपून आणलं!"

पद्मराजला इतकं भरून आलं, की त्याने तिथेच वाकून मावशीचे पाय धरले. मावशीने त्याच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि कानाशी लागून हळूच म्हणाली,

"जाताना बैलगाडी बघ रं. बैलाचं तोंड कुठं असतंय, ते तरी तुला ठावं हाय."