तीनदा वाचणारा वीरण्णा

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला टीव्ही दुरुस्त करणारा वीरण्णा गिऱ्हाइकाला नाव विचारतो ते तीनदा. तिन्ही वेळा एकच नाव आलं तरच वहीत लिहितो. एकदा मुडबीच्या एका पाहुण्यानं वैतागून तिसऱ्या वेळी भावाचं नाव सांगितलं. वीरण्णानं त्याचा टीव्ही घेतलाच न्हाई. लग्नाची पत्रिकाबी तो तीनदा वाचतो. तोवर पंगत उठलेली असते.

माझं शिक्षण चौथी. त्याच्या कामातलं मला कळलं तेवढंच सांगतो. टीव्हीच्या आत नखाएवढी, आठ पायांची चिप असते. टीव्हीनं सुरू कसं व्हायचं ते सगळं तिच्यात लिहिलेलं. ते बिघडलं की टीव्ही कंपनीचं नाव दाखवतो आणि तिथंच अडतो. माझा अडला होता.

दुसरे मिस्त्री नेटवरची फाईल चिपीवर लिहून दहा मिनिटांत टीव्ही हातात देतात. मला ते नको होतं. माझी बायको कौसाबाई जाऊन सहा महिने झाले. टीव्हीचा आवाज तिनं ठेवला होता तसाच होता. ती गेल्यापासून चालू-बंदचं बटण सोडून मी कशालाच हात लावला न्हवता. आकडा किती, तेबी मला ठाव न्हवतं. नवीन फाईल आली की कंपनीनं ठरवलेला आवाज येणार, तिनं ठेवलेला जाणार.

हे मी वीरण्णाला सांगितलं न्हाई. आतलं काही पुसू नको, एवढंच बोललो. तो म्हणाला, "मामा, वाचल्याबिगर मी लिहीत न्हाई."

आधी भिंग लावून चिपीवरचं नाव वाचलं. तीनदा. म्हणे, कुणाला तीन व्होल्ट लागतात, कुणाला दोनबी सोसत न्हाईत, पाहुण्याला विचारल्याबिगर तिखट वाढायचं नसतं. मग टीव्हीची पिन काढली, आणि काढलीय का ते परत जाऊन बघितलं. चिपीला चिमटा लावला, लाल तार पहिल्या पायाला. तारेचं दुसरं टोक लॅपटॉपला. त्यातला प्रोग्राम कुणा कंपनीचा न्हाई, जगातल्या लोकांनी मिळून केलेला, फुकट, आतलं सगळं उघडं. "ह्यो काही लपवत न्हाई," असं तो सख्ख्या भावाबद्दल सांगावं तसं सांगतो.

पहिलं वाचन झालं. दुसरं झालं. दोन्ही जुळेनात. तिसरं तिसरंच निघालं. मी उठलो, हायवेवर फेरी मारून आलो. बघतो तर हा चिमट्याचे दात घासायलाय. मग तार आखूड केली. मग वाचायचा वेग कमी केला. मी परत उठलो, परत बसलो.

"कामून एवढा घोळ घालायलास? लिही की एकदाचं."

त्यानं मान वर केली न्हाई. "वाचताना चुकलं तर परत वाचता येतंय, मामा. लिहिताना चुकलं तर जुनं कुठून आणू?"

मी परत उठलो न्हाई. पाय मात्र हलतच होते.

शेवटी तिन्ही वाचनं जुळली. पण टीव्ही सुरू करायचा भाग आतच बिघडलेला निघाला. वीरण्णानं जुनी वही काढली. दोन वर्षांमागं हाच टीव्ही कौसाबाई ऑटोत घालून त्याच्याकडं घेऊन आली होती. मला घरी सांगितलं होतं, वायर सैल झाली होती म्हणून. तेव्हाच्या वाचनाची नक्कल ह्यानं लॅपटॉपात जपून ठेवलेली. सुरू व्हायचा भाग त्या नकलेतून घेतला, आवाजाबिवाजाचा भाग आजचाच ठेवला, दोन्ही जोडून चिपीवर लिहिलं. लिहिलेलं परत वाचून बघितलं. कितीदा ते सांगायला नको.

टीव्ही लागला. आवाज बारीक, कान पुढं करून ऐकावा असा. तोच. मी कायम म्हणायचो, ह्याचा स्पीकर बाद झालाय.

वीरण्णानं वही माझ्याकडं सरकवली. कौसाबाईच्या नावापुढं लिहिलं होतं: आवाज सात. वाढवायचा न्हाई. मालक रातपाळी करून दिवसा झोपतेत.

"आजच्या चिपीतबी सातच हाय," तो म्हणाला.

पेट्रोल पंपावरची रातची राखणदारी सोडून मला वर्ष झालं. तरी तिनं सातचा आठ केला न्हाई. आणि मला कधी बोलली न्हाई. मी ती ओळ वाचली. परत वाचली. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात, म्हणून वीरण्णावरच घसरलो. तुझ्या घरी किती ठेवतोस रे आवाज, म्हणालो.

"साठ," तो म्हणाला. "तिथं कुणाची झोप मोडायची हाय?"

त्याला मागंपुढं कुणी न्हाई, हे सगळ्या गावाला ठाव हाय. मलाबी होतं. आकडा तेवढा ठाव न्हवता.

मी म्हणालो, उद्या घरला ये, चार वाजता, मिळून टीव्ही बघू. त्यानं विचारलं, किती वाजता. चार, म्हणालो. परत विचारलं. चार. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाबी मी चारच म्हणालो.

मग त्यानं वहीत लिहून घेतलं.