जोगकाकांची अकरा घरं

जोगकाका जिन्यात भेटले की बरंय का विचारत नाहीत, स्टॉपवॉच दाबतात. पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी इतकी दचकले की हातातली बादलीच सांडली.

मार्केट यार्डाच्या मागं आमची बिल्डिंग, नवी आहे, चाळीस फ्लॅट आणि बरेचसे रिकामेच. आमचे हे तिथं वॉचमन, आम्ही खालच्या खोलीत. काका सातव्या मजल्यावर, घरूनच कॉम्प्युटरचं काम करतात. मी नववी नापास, मला काय कळतंय, तरी एकदा थांबवून समजावलंच. समजा पुष्कळ खण आहेत आणि थोडेच भरलेत. सगळे मांडून ठेवले तर हवं ते झटकन सापडतं, पण कॉम्प्युटरची जागा फुकट जाते. नुसत्या भरलेल्यांची यादी केली तर जागा वाचते, पण यादी चाळायला वेळ जातो. कुठली पद्धत किती वेळ घेते, किती जागा खाते, हेच दिवसभर मोजायचं. याचा पगार मिळतो म्हटल्यावर मी हबकलेच. आमच्या बिल्डिंगचीही त्यांनी यादी केलेली, भरलेली घरं अकरा.

परवा दुपारी माझी चिमी दिसेना. चार वर्षांची पोर. हे चाव्यांचा जुडगा घेऊन पहिल्या मजल्यापासून एकेक दार उघडायला लागले, तर काका जिन्यात आडवे आले.

"अहो, चाळीस दारं कशाला? रिकाम्यांना कुलपं आहेत. अकराच बघा."

आणि यादी माझ्या हातात देऊन स्टॉपवॉचचं बटण दाबलं. माझं पोर हरवलंय आणि हा माणूस वेळ मोजतोय, मला तर रडूही येईना. धावत अकराही बेल वाजवल्या. चिमी नाही. मी पायरीवरच बसले, यादी डोळ्यांसमोर धरली, नावं पुन्हा वाचली.

"काका, यात तुमचं घर कुठाय?"

त्यांनी बटण दाबून स्टॉपवॉच बंद केलं.

"ते मी रिकाम्यात धरलं होतं," म्हणाले. "एकटाच तर असतो."

वर गेलो तर दार नुसतं लोटलेलं. चिमी काकांच्या खुर्चीत पाय हलवत बिस्किटं खात बसलेली, अर्धा पुडा संपवलेला. तिला मारू का पोटाशी धरू, मला कळेना. काका दारातच उभे, आत पाऊल टाकेनात, जणू दुसऱ्याचं घर आहे.

आम्ही निघालो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला उद्याही पाठवा. यादी दुरुस्त करण्याआधी एकदा खात्री करावी लागते."